शिक्षिका आणि अभिनेत्री : श्रीमती सुलभा देशपांडे

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात अणदूर येथे दिलेले व्याख्यान)



संमेलनात चार शब्द बोलावेत, अशी आज्ञा मंडळाच्या चिटणीसांनी केली, तेव्हा विषय कोणता घ्यावा याचा मी बराच विचार केला. आपल्या व्यासपीठावरून संतांची चरित्रे झाली, देशभक्तांची झाली, उद्योगधंद्यात नाव मिळविलेल्या सद्गृहस्थांचीही झाली. आज मी एका नटीचे चरित्र सांगणार आहे. काही मंडळींच्या भुवया वर गेल्या असतील, हे मी जाणतो. परंतु ही नटी आधी शिक्षिका होती, आणि माझ्यासारख्या मॅट्रिकपर्यंत शिकून जन्मभर खडू हाती धरलेल्या माणसाला तिच्याविषयी आपलेपणा वाटला, तर ते स्वाभाविकच मानावे. त्या विदुषीचे नाव श्रीमती सुलभा देशपांडे. मराठी रंगभूमी, चित्रपट आणि दूरचित्रवाणी या तिन्ही क्षेत्रांत त्यांनी सुमारे अर्धशतकाहून अधिक काळ काम केले, आणि ४ जून २०१६ रोजी मुंबईत त्यांचे देहावसान झाले.

चरित्राकडे वळण्यापूर्वी आपल्या मनातील अढीविषयी बोलले पाहिजे. आपले अणदूर हे श्रीखंडोबाचे गाव. वर्षातून काही काळ देव नळदुर्गाजवळच्या मैलारपुरास जातो आणि पुन्हा आपल्याकडे येतो. या देवाच्या जागरणात वाघ्याबरोबर मुरळीही उभी राहते, गाते, नाचते, कथा सांगते. म्हणजे स्त्रीने लोकांसमोर कला सादर करावी, ही गोष्ट आपल्या मातीला नवी नाही. पण आपण काय केले? तिचे गाणे रात्रभर ऐकले, आणि पहाट होताच तिला उंबऱ्याबाहेर ठेवले. देवाला मुली वाहण्याची ती चाल आता कायद्याने बंद झाली आहे आणि ती बंद झाली हे योग्यच झाले. परंतु गाणाऱ्या-नाचणाऱ्या बाईकडे पाहण्याची जुनी दृष्टी मात्र कायद्याने बदलत नाही.

शहरांतील परिस्थितीही फार निराळी होती असे नव्हे. मराठी संगीत रंगभूमीच्या वैभवकाळात स्त्रियांच्या भूमिका पुरुषच करीत. बालगंधर्वांनी शालू नेसून सारा महाराष्ट्र वेडा केला. पण प्रत्यक्ष शालू नेसणाऱ्या कुलीन स्त्रीला रंगमंच बंद होता. १ जुलै १९३३ रोजी नाट्यमन्वंतर या संस्थेने 'आंधळ्यांची शाळा' हे नाटक रंगभूमीवर आणले आणि त्यात स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनीच केल्या. ज्योत्स्नाबाई भोळे यांचे नाव त्या प्रयोगाबरोबर कायमचे जोडले गेले आहे. या घटनेला अद्याप शंभर वर्षेही झालेली नाहीत, हे ध्यानात घेतले म्हणजे आपली अढी किती ताजी आहे आणि ती सोडविणाऱ्यांचे धैर्य किती मोठे होते, याची कल्पना येईल.

सुलभाताईंचा जन्म १९३७ सालचा. माहेरचे आडनाव कामेरकर. पन्नासच्या दशकात त्या दादरच्या छबिलदास मुलांच्या शाळेत शिक्षिका झाल्या. शाळेचे स्नेहसंमेलन म्हणजे काय असते, हे येथील प्रत्येक शिक्षक जाणतो. कुठून तरी जुनी नाटुकली शोधावयाची, एका मुलाला मिशी लावावयाची, दुसऱ्याच्या डोक्याला फेटा बांधावयाचा, आणि पाठांतर विसरले की पडद्याआडून ओरडून सांगावयाचे! सुलभाताईंना हे पुरेसे वाटले नाही. मुलांना मुलांचेच नाटक हवे, ते त्यांच्या वयाला आणि बुद्धीला साजेसे हवे, असा त्यांचा आग्रह होता. श्री. विजय तेंडुलकर हे त्या वेळी नव्याने पुढे येत असलेले नाटककार. आपल्या विद्यार्थ्यांसाठी नाटक लिहून द्या, असे साकडे या शिक्षिकेने त्यांना घातले. पुढे मराठी नाटकाच्या इतिहासात या दोघांची नावे शेजारी शेजारी लिहिली गेली. पण त्याचा आरंभ शाळेतल्या मुलांच्या गरजेपासून झाला, हे मला फार मोलाचे वाटते. आपल्या हातातील लहान काम जो चोख करू पाहतो, त्याला त्याच कामातून मोठी वाट सापडते.

१९६० साली विजयाबाई मेहता, तेंडुलकर, अरविंद देशपांडे इत्यादी मंडळींनी मुंबईत 'रंगायन' ही संस्था सुरू केली. धंदेवाईक नाटकाहून निराळे, नव्या जाणिवेचे नाटक करावे, हा तिचा हेतू. सुलभाताई या संस्थेत आल्या. अरविंद देशपांडे त्यांचे यजमान; पतिपत्नी दोघेही नाटकाचे वेडे. वेड म्हणतो ते जाणूनबुजून, कारण असल्या प्रायोगिक नाटकाने पोट भरत नाही. दिवसा नोकरी करावयाची आणि रात्री तालीम, हा त्या पिढीचा नेम होता.

१९६७ साली राज्य नाट्यस्पर्धेत रंगायनने तेंडुलकरांचे 'शांतता! कोर्ट चालू आहे' हे नाटक सादर केले. दिग्दर्शक अरविंद देशपांडे, आणि लीला बेणारे ही प्रमुख भूमिका सुलभाताईंची. या नाटकाविषयी थोडे विस्ताराने सांगणे अवश्य आहे, कारण त्याचा आपल्यासारख्या मंडळांशी जवळचा संबंध आहे असे मी मानतो.

मुंबईची एक हौशी नाटकमंडळी एका खेड्यात प्रयोगासाठी येते. प्रयोगाला अवकाश असतो. वेळ घालविण्यासाठी लुटुपुटीचा खटला खेळावयाचे ठरते, आणि आरोपी म्हणून मंडळीतील एका अविवाहित शिक्षिकेला, बेणारेबाईंना, उभे करण्यात येते. आरोप भ्रूणहत्येचा. आरंभी सारेच हसत असतात. बाई स्वतः सर्वांत जास्त हसत असतात. हळूहळू साक्षी होऊ लागतात, आणि खेळातल्या आरोपीच्या जागी खऱ्याखुऱ्या बाईचे खासगी आयुष्य चव्हाट्यावर मांडले जाते. ज्या विद्वान पुरुषावर तिने विश्वास ठेवला, तो त्या सभेला आलेलाच नसतो. त्याच्यावर खटलाही नसतो. ती निघून जाऊ पाहते तेव्हा दिवाणखान्याचे दार बाहेरून बंद असल्याचे आढळते. शेवटी तिची नोकरीही जाते आणि तिच्या पोटातील जीवाविषयीही निकाल दिला जातो. मग मंडळी म्हणतात, अहो, हा तर खेळ होता, मनाला लावून घेऊ नका!

या भूमिकेची अवघडता पाहा. पहिल्या भागात नटीला अखंड बोलावयाचे, थट्टा करावयाची, हसवावयाचे. दुसऱ्या भागात बाकीचे सारे बोलतात आणि तिला गप्प राहून ऐकावे लागते. तोंडातून शब्द न काढता, बसल्या जागी, एका माणसाचा आतून चुराडा होत आहे हे हजार डोळ्यांना दिसले पाहिजे. आणि अखेरीस, इतरांची हालचाल थांबलेली असता, तिला एक दीर्घ स्वगत बोलावयाचे असते. त्यात आक्रोश आहे, उपहास आहे, मुलांवरचे प्रेम आहे आणि जगण्याची ओढही आहे. आवाज कुठे चढवावा, श्वास कुठे घ्यावा, कुठे थांबावे, याचा अभ्यास नसेल तर असले भाषण एक तर रडगाणे होते किंवा वक्तृत्वस्पर्धा होते. सुलभाताईंनी त्यास एका माणसाचे बोलणे केले. पुढे अनेक भाषांत हे नाटक झाले, अनेक गुणी नट्यांनी ही भूमिका केली. परंतु मराठी माणसाच्या मनात बेणारेबाई म्हटले की सुलभाताईंचेच नाव येते. १९७१ साली सत्यदेव दुबे यांनी या नाटकावर चित्रपट काढला, त्यातही ही भूमिका त्यांचीच होती.

मित्रहो, या नाटकातला खटला चालतो तो सरकारी न्यायालयात नव्हे. तो चालतो चारचौघांच्या मंडळीत, एका सभागृहात, चहा-पानाच्या गप्पांत. आपलेही हे एक मंडळच आहे. कोणाच्या मुलीने काय केले, कोणाची सून कुठे नोकरीस जाते, अमक्याची लेक रात्री किती वाजता घरी आली, याचे खटले आपल्याकडे चालत नाहीत, असे छातीवर हात ठेवून कोण सांगेल? ज्ञातिमंडळ ही न्यायसभा नव्हे. ती आधारसभा असावयास हवी. पडलेल्याला हात देणे, शिकणाऱ्याला शिष्यवृत्ती देणे, विधवेच्या मुलांची फी भरणे, यासाठी आपल्या पूर्वजांनी मंडळे काढली. एका शिक्षिकेने रंगमंचावर उभे राहून हे आपणांस दाखविले, याबद्दल आपण तिचे ऋणी असले पाहिजे.

पुढे रंगायनात मतभेद झाले. १९७१ साली अरविंद देशपांडे, सुलभाताई आणि अरुण काकडे यांनी 'आविष्कार' ही संस्था स्थापन केली. गिरीश कार्नाडांचे 'तुघलक' हे नाटक मराठीत आणून तिने आरंभ केला. संस्था तर झाली, पण प्रयोग कोठे करावयाचे? मोठ्या नाट्यगृहाचे भाडे परवडण्यासारखे नव्हते. तेव्हा सुलभाताईंची शाळाच साहाय्यास आली. १९७४ पासून छबिलदास शाळेच्या सभागृहात आविष्कारचे प्रयोग होऊ लागले. केवळ आविष्कारचेच नव्हे, तर इतर संस्थांचेही. सत्यदेव दुबे, अमोल पालेकर अशा कितीतरी दिग्दर्शकांची नाटके तेथे झाली. लाकडी रंगमंच नाही, मखमली पडदा नाही, गुबगुबीत खुर्च्या नाहीत. शाळेच्या दिवाणखान्यात हाताच्या अंतरावर नट आणि प्रेक्षक! पुढे या साऱ्या उपक्रमाला लोक 'छबिलदास चळवळ' म्हणू लागले. एका शाळेच्या नावाने नाट्यचळवळ ओळखली जावी, याहून शिक्षकाला अधिक अभिमान वाटावा असे काय आहे? पुढील काळात ती जागा सोडावी लागली आणि आविष्कारने माहीमच्या पालिका शाळेत बिऱ्हाड केले. तेही शाळेतच!

मुलांना त्या विसरल्या नाहीत. आविष्कारची बालनाट्य शाखा त्यांनी उभी केली, तिचे नाव 'चंद्रशाला'. चंद्रशाला म्हणजे घराच्या अगदी वरची खोली, जेथून आकाश दिसते. नाव ठेवणाराची रसिकता यातून दिसून येते. या शाखेने मुलांची नाटके वर्षानुवर्षे केली. 'दुर्गा झाली गौरी' हे नृत्यनाट्य तर फार गाजले; त्यात मोठ्या संख्येने मुले एका वेळी रंगमंचावर येत. इतक्या पोरांना एका तालावर आणावयाचे, कोणाचा पाय चुकू द्यावयाचा नाही आणि कोणाचे मनही मोडावयाचे नाही, हे काम ज्याने वर्ग सांभाळला आहे त्यालाच कळेल. बालचित्र समितीसाठी 'राजा रानी को चाहिए पसीना' हा चित्रपटही त्यांनी १९७८ साली दिग्दर्शित केला. घाम गाळल्यावाचून सुख नाही, हा धडा मुलांना हसत खेळत द्यावा, ही कल्पना शिक्षिकेलाच सुचावी.

चित्रपटांत त्यांनी नायिका म्हणून नाव मिळविले नाही. मिळविले ते चरित्र भूमिकांतून. श्याम बेनेगल यांच्या 'भूमिका' या १९७७ च्या चित्रपटात त्या नायिकेच्या आईच्या भूमिकेत होत्या. तो चित्रपट हंसा वाडकर या अभिनेत्रीच्या आत्मचरित्रावर आधारलेला आहे, आणि नटीच्या मिळकतीवर घर कसे चालते व त्याच घरात तिला मान कसा मिळत नाही, हे त्यात पाहावयास मिळते. 'जैत रे जैत', 'चौकट राजा' या मराठी चित्रपटांतून त्या आपणांस भेटल्या. 'चौकट राजा'मध्ये मतिमंद मुलाची आई त्यांनी उभी केली. ती पाहून अशा मुलांच्या मातांना आपले दुःख कोणीतरी जाणते असे वाटले असेल. २०१२ साली आलेल्या 'इंग्लिश विंग्लिश' या हिंदी चित्रपटातील समजूतदार सासू तर आपल्या मुलांनाही ठाऊक आहे.

दूरचित्रवाणीची गोष्ट निराळी आहे. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झाले. आपल्या भागात तो पडदा पुष्कळ उशिरा आला, आणि आला तेव्हा एका घरी संच व साऱ्या आळीचे प्रेक्षक, अशी स्थिती होती. ज्यांना मुंबई-पुण्याचे नाट्यगृह कधी दिसले नाही, त्यांच्या ओसरीवर या पडद्याने नट आणून बसविले. पुढे वाहिन्या वाढल्या, रोज चालणाऱ्या मालिका आल्या. सुलभाताईंनी उतारवयात 'जी लेने दो एक पल', 'बदलते रिश्तों की दास्तान', 'एक पॅकेट उम्मीद', मराठीत 'अस्मिता' अशा मालिकांतून कामे केली. काही रसिक म्हणतात की, एवढ्या मोठ्या नटीने मालिकांत आजी होऊन बसावे हे बरे नव्हे. मला तसे वाटत नाही. रंगमंचावर नटाला शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोहोचवावा लागतो. दूरचित्रवाणीच्या यंत्रापुढे पापणी किंचित अधिक हलली तरी ती खोटी दिसते. नाटकात एका रात्रीत आरंभ, मध्य आणि शेवट असतो. मालिकेत आज रडावयाचे, उद्या हसावयाचे, आणि मागचे-पुढचे दुवे स्वतःच मनात जुळवून ठेवावयाचे. सत्तरी ओलांडल्यावर ज्या बाईने ही दुसरी विद्या साधली, ती अखेरपर्यंत विद्यार्थिनी राहिली असेच म्हणावे लागेल.

१९८७ च्या जानेवारीत अरविंद देशपांडे यांचे निधन झाले. त्याच वर्षाचा संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार सुलभाताईंना अभिनयासाठी मिळाला. एका हाताने दुःख आणि दुसऱ्या हाताने सन्मान, असा दैवाचा व्यवहार. पण त्यांनी आविष्कारचे काम सोडले नाही. पतीने आणि आपण मिळून लावलेले झाड त्यांनी पुढे कैक वर्षे पाणी घालून जगविले.

चरित्र येथे संपले. आता आपल्या घरच्या गोष्टी बोलतो. कोणी राग मानू नये.

आपल्या मंडळाची वधू-वर परिचय पुस्तिका मी दर वर्षी वाचतो. मुलीच्या नावापुढे छंद म्हणून वाचन, शिवणकाम, पाककला असे छापलेले असते. ज्या मुलींनी शाळेत नाटकासाठी बक्षिसे मिळविली, त्यांतल्या काहींना मी स्वतः ओळखतो. त्यांच्या नावापुढे मात्र नाटक हा शब्द कोठेही नसतो! पालकांना भीती वाटते की स्थळ परत जाईल. म्हणजे जे बक्षीस टाळ्या वाजवून आपण दिले, तेच लग्नाच्या बाजारात लपवून ठेवावे लागते. हा दुटप्पीपणा नव्हे तर काय?

पालकांची सारीच भीती खोटी आहे, असेही मी म्हणणार नाही. मालिकेत काम देतो असे सांगून खेड्यातल्या माणसांकडून पैसे उकळणारे लोक आहेत. त्याविषयी एक साधी कसोटी सांगतो : काम करणाराला पैसे मिळावयाचे असतात, द्यावयाचे नसतात, जो आधी पैसे मागतो त्याच्या दारात उभे राहू नये. दुसरे असे की, शिक्षण अर्धवट टाकून मुंबईची गाडी पकडू नये. सुलभाताईंच्या हाती शिक्षिकेची नोकरी होती, म्हणून त्यांना पोटासाठी वाटेल ती भूमिका पत्करावी लागली नाही. आणि तिसरे, कला एकट्याने शिकता येत नाही. चांगल्या संस्थेत, चार विश्वासाच्या माणसांत राहूनच ती शिकावी. इतकी काळजी घेऊन ज्या मुलीला वा मुलाला या वाटेने जावयाचे असेल, त्याच्या पाठीवर आपला हात असावा.

आपला जिल्हा या बाबतीत अगदीच मागे नाही. २०१७ साली तेव्हाच्या उस्मानाबादेत, म्हणजे आजच्या धाराशिवात, अखिल भारतीय मराठी नाट्य संमेलन भरले, जयंत सावरकर अध्यक्ष होते. संमेलनाचा मांडव दोन-चार दिवसांत उतरतो. त्यानंतर गावोगावी काय उरते, हाच खरा प्रश्न आहे.

म्हणून मंडळापुढे मी तीन नम्र सूचना ठेवतो. पहिली अशी की, आपले सभागृह लग्नाच्या तिथी सोडल्या तर वर्षातील बहुतेक दिवस कुलूपबंद असते. महिन्यातील दोन संध्याकाळी ते मुलामुलींच्या नाट्यवाचनासाठी व तालमीसाठी विनामूल्य उघडावे. विजेचे बिल आम्ही निवृत्त शिक्षक मंडळी वर्गणी काढून भरू. दादरच्या एका शाळेचे सभागृह उघडे मिळाले म्हणून नाटकाची एक पिढी उभी राहिली. अणदूरच्या सभागृहातून चार मुले नीट बोलावयास शिकली तरी पुष्कळ झाले. दुसरी अशी की, गुणगौरव समारंभात गुणवत्ता यादीतील विद्यार्थ्यांबरोबर वाचन व अभिनय यांसाठीही एक पारितोषिक असावे आणि त्यासाठी येणारी मुले केवळ आपल्याच ज्ञातीची असावीत असा आग्रह नसावा, कारण नाटक एका ज्ञातीच्या बळावर उभे राहत नाही. तिसरी सूचना बिनखर्चाची आहे. पुढील वर्षाच्या परिचय पुस्तिकेत ज्या मुलीला नाटकाची आवड असेल, तिच्या नावापुढे ती आवड निःसंकोचपणे छापावी; आणि ती वाचून जे स्थळ परत जाईल, ते गेले ते बरेच झाले असे समजावे.

सुलभाताईंनी आयुष्यभर अनेक आया, आज्या, सासवा रंगविल्या. प्रत्यक्षात मात्र त्या अखेरपर्यंत बाईच राहिल्या; शाळेतली मुले ज्या शब्दाने शिक्षिकेला हाक मारतात, त्या अर्थाने बाई. असल्या बाई आपल्याही घरांतून निपजोत, आणि त्यांच्या वाटेत आपले मंडळ दार होऊन उभे राहो, भिंत होऊन नव्हे, एवढीच श्रीखंडोबाचरणी प्रार्थना.